अण्णांचा मानकरी

आमचे अण्णा यंदा पंच्याऐंशी वर्षांचे झाले. उमेदीच्या काळात सात-आठ वर्षे त्यांनी रोज रात्री विमाने पाहिली. परंतु विमानात ते जन्मात एकदाही बसले नाहीत.

हे कोडे नागपूरकरांना घालण्याचे कारण नाही. जुन्या माणसांना आठवत असेल. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास आमच्या सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि दिवस उजाडण्याच्या आत मुंबईचे विमान मुंबईला, मद्रासचे मद्रासला परत जाई. देशाच्या मध्यावर बसलेल्या गावाला देवाने दिलेले हे कामच म्हणायचे! अण्णा आर. एम. एस.मध्ये सॉर्टर होते. त्यांच्या कितीतरी रात्री त्या थैल्यांशी झटापट करण्यात गेल्या. पुढे सत्तरीच्या दशकात ही योजना बंद पडली. अण्णा पुन्हा आगगाडीच्या डब्यातल्या टपालाकडे वळले, आणि २००० साली निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी काटोल तालुक्यातल्या वडिलोपार्जित शेतात संत्र्याची बाग लावली. जंबेरी खुंटावरची कलमे त्यांनी स्वतः निवडून आणली. नागपूरहून दर आठवड्याला एस्.टी.ने बागेत जाण्याचा त्यांचा नेम तेवीस वर्षे चुकला नाही. २०२४च्या जानेवारीत मात्र न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण चालणे गेले. चाकाच्या खुर्चीतून घरातल्या घरात फिरता येते; काळ्या मातीच्या ढेकळांतून ती खुर्ची चार हातही जात नाही. मोटारीतून अण्णांना बांधापर्यंत नेता येई. तेथून पहिली ओळ दिसे. बाकीची बाग त्यांनी ऐकायची, आणि सांगायची ती मी!

येथे मला एक कबुली दिली पाहिजे, कारण पुढची सारी हकिकत तिच्यावर उभी आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विहीर आटली, बोअरने दगा दिला, आणि विहिरीकडच्या तुकड्यातली सदतीस झाडे वाळून गेली. मी ती तोडून टाकली. अण्णांना सांगितले नाही. डॉक्टरांनी त्यांच्या मनाला त्रास देऊ नका म्हटले होते, ही सबब होती. खरी गोष्ट अशी की, त्यांनी तेवीस वर्षे सांभाळलेली झाडे मी पहिल्याच उन्हाळ्यात घालवली, हे सांगण्याची मला लाज वाटली. "बाग कशी आहे?" या प्रश्नाला "छान आहे" हे माझे उत्तर ठरून गेले.

मी बँकेत नोकरी करतो. लहानपणी ट्रान्झिस्टर उघडून बिघडवण्यापासून जी खोड लागली, तिची मजल पुढे खेळण्यातली विमाने करण्यापर्यंत गेली. खेळण्यातली म्हणजे उडणारी. फोमच्या पाट्या कापून केलेली, विजेच्या मोटारीवर चालणारी आणि हातातल्या रेडिओने हाकायची. अशा विमानाच्या नाकाशी कॅमेरा बसवायचा, त्याचे चित्र बिनतारी यंत्राने खाली पाठवायचे, आणि जमिनीवरच्या माणसाने डोळ्यांवर दोन पडदे असलेला चष्मा चढवून ते पाहायचे, या खेळाला एफ्.पी.व्ही. म्हणजे फर्स्ट पर्सन व्ह्यू म्हणतात. आपणच वैमानिकाच्या जागी बसून पाहत आहो असे वाटते, म्हणून हे नाव.

त्या दिवाळीत मला वाटले, अण्णांना चष्मा लावावा आणि बाग वरून दाखवावी. आमच्या प्रतापनगरच्या गच्चीवरून सोनेगावला उतरणारी विमाने इतकी जवळ दिसतात की, आतले दिवे मोजावेत. अर्थात तेथे खेळण्याचे विमानही उडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीखेरीज काही उडवायचे नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक असते. त्यापलीकडे, सरकारी नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवता येते. काटोलकडची आमची बाग त्या हिरव्या भागात आहे. आमचे विमान जेमतेम एक किलोचे. दोन किलोपर्यंतचे यंत्र व्यापारासाठी नसेल, तर उडवणाऱ्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. तरीही आपण ते नजरेच्या टप्प्यात ठेवावे, विजेच्या तारांपासून आणि माणसांपासून दूर ठेवावे, एवढी शिस्त हवीच.

तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बांधावरच्या कडुलिंबाखाली अण्णांची खुर्ची ठेवली. सालदाराने विमान हातातून भिरकावले, मी ते वर नेले. पहिली दोन मिनिटे अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डावीकडं पाहू दे."

मी विमान डावीकडे वळवले. ते झुकले, क्षितिज तिरपे झाले, अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"विमान नको वळवू. पाहू दे म्हणतो मी."

"अण्णा, कॅमेरा नाकाशी घट्ट बसवलेला आहे. विमान जाईल तिकडेच तो पाहणार."

अण्णांनी चष्मा उतरवला. "म्हणजे तू दाखवशीन तेच मी पाहायचं का? मग घरी बसून तुझ्या तोंडून ऐकतो, ते काय वाईट आहे?"

हे त्यांनी सहज म्हटले. पण मी विहिरीकडचा तुकडा टाळून वरच्या अंगालाच घिरट्या घालत होतो, हे मला ठाऊक होते. माझ्या अंगावर काटा आला.

घरी परतताना माझी लेक मोटारीत म्हणाली, "बाबा, आजोबांना हेड ट्रॅकर हवा." ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हेड ट्रॅकर म्हणजे मानेची हालचाल ओळखणारे यंत्र. माणसाने मान डावीकडे वळवली की विमानातला कॅमेरा डावीकडे वळतो. मान खाली घातली की कॅमेरा खाली पाहतो. विमान कोठे जाते आणि माणूस कोठे पाहतो, या दोन गोष्टी हे यंत्र एकमेकींपासून सोडवते. आगगाडी रुळावरून जाते, पण खिडकीतून कोठे पाहायचे ते इंजिनचालक ठरवत नाही, तसेच हे!

ही कल्पना आजची नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या फिल्को कंपनीत 'हेडसाइट' नावाचे शिरस्त्राण तयार झाले होते. ते घालून मान वळवली की दुसरीकडे ठेवलेला टेलिव्हिजनचा कॅमेरा तशीच मान वळवी. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी संगणकाने काढलेली चित्रे डोळ्यांसमोर दाखवणारे यंत्र केले. त्यात डोके किती वळले हे मोजण्यासाठी छतापासून एक जड दांडा डोक्यावर येई. त्याला लोक डॅमोक्लिसची तलवार म्हणू लागले, यात नवल नाही! आपल्या हवाई दलात २०१९ साली दाखल झालेल्या अपाचे हेलिकॉप्टरची तोफ तर वैमानिक जिकडे पाहील तिकडे रोखली जाते. तोफेपर्यंत गेलेली ही विद्या आम्ही संत्री पाहण्यासाठी वापरणार होतो.

तयार हेड ट्रॅकर असलेले चष्मे बाजारात मिळतात. आमच्या चष्म्यात तो नव्हता, आणि घरात एक अर्धा इंजिनिअर व एक हौशी कारकून असताना विकत घेण्यात गंमत नव्हती. बर्डीवर जाऊन कथिल, बारीक तारा आणि दोन सर्व्हो आणले. सर्व्हो म्हणजे हुकमी मोटार. सांगितलेल्या अंशावर जाऊन थांबते. एकेकीचे वजन ९ ग्रॅम. एक आडवी, तिच्या डोक्यावर दुसरी, आणि दुसरीच्या हातात नखाएवढा कॅमेरा, अशी विमानाच्या नाकावर कॅमेऱ्याची मान तयार झाली. या मोटारींना सेकंदाला ५० वेळा विजेचा ठोका पाठवायचा असतो. ठोका एक मिलिसेकंदाचा असला की मोटार एका बाजूला, दोनचा असला की दुसऱ्या बाजूला, दीडचा असला की बरोबर मध्ये. ठोक्यांची हद्द थोडी वाढवून आम्ही कॅमेरा दोन्हीकडे नव्वद-नव्वद अंश वळवला. माणसाची मानसुद्धा एका बाजूला याहून जास्त वळत नाही.

खरे डोके होते ते डोक्यावरच्या यंत्रात. आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई नावाची एक पट्टी मिळते; ४५ मिलिमीटर लांब, १८ मिलिमीटर रुंद. तिच्यावर संगणक आहे, बिनतारी ब्लूटूथ आहे, आणि हालचाल ओळखणारी तीन इंद्रिये आहेत. पहिले इंद्रिय गुरुत्वाकर्षणाने खाली कोणती दिशा ते सांगते. हा गवंड्याचा ओळंबा समजा. दुसरे जायरो, मान सेकंदाला किती अंश वळत आहे तो वेग ते सांगते. तिसरे होकायंत्र.

वाचकांनी विचारावे, तीन कशाला? एक पुरत नाही काय? हे मला बँकेच्या भाषेत नीट समजले. जायरो हा रोजकीर्द लिहिणारा चलाख कारकून आहे. तो क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज करून मान किती वळली ते सांगतो. अतिशय चपळ! पण त्याची प्रत्येक नोंदीत एका पैची चूक होते. सेकंदाला अर्ध्या अंशाची चूक म्हणजे मिनिटात ३० अंश. माणूस नाकासमोर पाहत असला, तरी कॅमेरा हळूहळू भिंतीकडे तोंड करतो. या रोगाला इंग्रजीत ड्रिफ्ट म्हणतात. आमच्या भाषेत शिल्लक न जुळणे! म्हणून अधूनमधून खाते ताडून पाहणारा दुसरा माणूस लागतो. मान वर-खाली किती झाली याचा मेळ ओळंबा घालून देतो. पण आडव्या फिरण्यात ओळंब्याला काहीच कळत नाही. झोपाळ्याच्या कडीला दोरी बांधून ती गरगर फिरवली तरी ती खालीच लोंबते. तेथे होकायंत्राची साक्ष लागते. संगणक बहुतेक विश्वास जायरोवर ठेवतो, आणि प्रत्येक वेळी चिमूटभर दुरुस्ती या दोघांच्या सांगण्यावरून करतो.

अशी सोय निसर्गाने आपल्या कानात आधीच करून ठेवली आहे, हे मला या निमित्ताने कळले. आतल्या कानात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. मान वळली की त्यांतले पाणी मागे राहते आणि मेंदूला वळण्याची वर्दी जाते. शेजारीच चुन्याचे सूक्ष्म खडे असलेला ओळंबाही आहे. होकायंत्र तेवढे आपल्याला मिळाले नाही. ते काम डोळे करतात.

पहिले यंत्र तारेचे होते. पट्टी चष्म्यावर, तेथून लांब तार माझ्या हातातल्या रेडिओत. डिसेंबरात रंगीत तालीम केली. अण्णांच्या ऐवजी लेक खुर्चीत बसली. विमान नुकतेच झाडांच्या वर आले होते. पोपटांचा थवा उजवीकडून गेला, तो पाहण्यासाठी तिने झटकन मान वळवली, तार ताणली, रेडिओ माझ्या हातात हिसकला आणि अंगठा जेथे जाऊ नये तेथे गेला. विमान बाभळीत! सालदार ते काट्यांतून काढताना म्हणाला, "साहेब, हे तर गाईच्या गळ्यातल्या दाव्यावानी झालं." त्याने एका वाक्यात निदान केले. पाहणाऱ्याचे दावे हाकणाऱ्याच्या हाताला बांधलेले असता कामा नये. तेव्हा यंत्र बिनतारीच पाहिजे, हे ठरले.

बिनतारी करणे तसे अवघड गेले नाही, कारण पट्टीत ब्लूटूथ होते आणि माझ्या रेडिओतही. जगातल्या हौशी मंडळींनी अशा यंत्राचे प्रोग्रॅम लिहून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. लेकीने ते अभ्यासून आमच्या पट्टीत उतरवले. चष्म्याच्या पट्ट्यावर शिवलेल्या छोट्या पिशवीत पट्टी आणि इवलीशी बॅटरी बसली. मी एकच अट घातली. रेडिओचे पहिले चार मार्ग विमान हाकण्याचे. त्यांना या यंत्राचा स्पर्शही होता कामा नये. मानेने फक्त सातवा आणि आठवा मार्ग हलवावा, आणि ब्लूटूथ तुटलेच तर कॅमेऱ्याने निमूटपणे समोर पाहावे.

पहिली परीक्षा घरातच झाली. कॅमेऱ्याची मान स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली आणि अण्णा पुढच्या खोलीत चष्मा लावून बसले. त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे, मग खाली. थोड्या वेळाने मोठ्याने म्हणाले, "सूनबाई, वरच्या फळीवरच्या पितळी डब्यामागं तिळाचे लाडू आहेत. मले तर संपले म्हणून सांगितले होते!"

अण्णांना साखर आहे. आमच्या सौभाग्यवती कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. "अहो, हा हेर माझ्या स्वयंपाकघरातून आधी उचला!" मग हसून म्हणाल्या, "मान वळवील तिकडे पाहतो, तर याला मानकरी म्हणा." तेच नाव पडले.

मानकऱ्याची दोन दुखणी मात्र त्या दिवशी कळली. अण्णा स्थिर बसले असतानाही चित्र हळूहळू खिडकीकडे सरकू लागले. लेकीने शोधून काढले की, चाकाच्या खुर्चीतले लोखंड होकायंत्राला फसवत आहे. तेव्हा माळ्यावरची आजोबांची सागवानी खुर्ची खाली आली. यंत्र सुरू करताना पहिले काही सेकंद ते हलवायचे नाही, म्हणजे जायरोला आपली मूळची चूक मोजता येते, हा नियम झाला. शिवाय अण्णांच्या हातात एक बटन दिले. चित्र सरकले असे वाटले की समोर पाहून ते दाबायचे. मानकरी तेथून नव्याने हिशेब सुरू करतो.

दुसरे दुखणे नाजूक होते. वयामुळे अण्णांची मान किंचित थरथरते. आपल्याला तो थरथराट दिसतही नाही, पण मानकऱ्याला दिसे, आणि चष्म्यातले सारे जग कापू लागे. लेकीने प्रोग्रॅममध्ये गाळणी घातली, कंप गेला. पण गाळणी फार बारीक झाली की चित्र मानेच्या मागे राहू लागले. मान वळली, कान म्हणाला वळली, डोळा म्हणाला अजून नाही. या भांडणात पोटात ढवळू लागते. आपण मान वळवताच शंभरांश सेकंदाच्या सुमारास डोळे उलट दिशेने फिरून नजर स्थिर ठेवतात. इतक्या तत्पर चाकराची सवय असलेल्या मेंदूला उशीर खपत नाही. तीन संध्याकाळी अण्णा "आता बरं आहे", "आता मळमळते" असे सांगत राहिले, आणि थोडा कंप व थोडा उशीर यांच्यामध्ये एक जागा सापडली.

त्याच रात्री यंत्राचा डबा बंद करताना लेक म्हणाली, "आता आजोबांना विहिरीकडचंही पाहता येईल." ती मुद्दाम म्हणाली की सहज, मला ठाऊक नाही. सदतीस झाडांची गोष्ट तिला माहीत होती. पुढच्या रविवारी मी बॅटरीची सबब सांगितली. त्यापुढच्या रविवारी वाऱ्याची. तिसऱ्या रविवारी सौभाग्यवतींनी डबे भरले आणि सबब विचारलीच नाही.

२०२५चा फेब्रुवारी. आंबिया बहाराची फुले फुटली होती. बांधावर उतरताच वास आला. सकाळची आठाची वेळ, वारा नाही. सागवानी खुर्ची कडुलिंबाखाली ठेवली. सोयीची विभागणी अशी होती: मी उघड्या डोळ्यांनी विमानाकडे पाहत ते हाकायचे, अण्णांनी चष्म्यातून पाहायचे, लेकीने दोघांच्या मध्ये उभे राहून आकाश आणि माणसे यांवर लक्ष ठेवायचे. सालदाराने विमान फेकले.

कॅमेरा कोठे पाहत आहे हे जमिनीवरून दिसत नाही. ते अण्णांच्या मानेवरून कळते, आणि मला तर विमानावरून दृष्टी काढायची नव्हती. म्हणून लेक सांगत होती. "आजोबा समोर पाहताहेत… उजवीकडे… खाली." अण्णा बोलत होते ते स्वतःशीच. "ही पाटलाची मोसंबी… हा नाला… अरे, गोठ्यावरचे टिन बदलले वाटते." मी वरच्या अंगाला लांबट घिरट्या घालत होतो. मार्ग माझा होता. पण नजर माझी नव्हती.

"आजोबा डावीकडे पाहताहेत," लेक म्हणाली, आणि मग काहीच म्हणाली नाही.

अण्णांची बडबड थांबली होती. मी विमान सरळ ठेवले. घिरटीचे टोक आले, वळलो, परत आलो. आता विहीर उजव्या हाताला होती. लेक हळूच म्हणाली, "आता उजवीकडे. पूर्ण उजवीकडे."

"किती गेली?" अण्णांनी विचारले.

"सदतीस," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात?"

"हो. विहीर आटली होती."

"टँकर?"

"दोन आणले. तिसरा मिळाला नाही. अण्णा, मी तुम्हाला—"

"विमान पाह्य," अण्णा म्हणाले. "पडीन ते."

मी विमानाकडे पाहिले. तेवढे एकच काम त्या वेळी मला करण्यासारखे होते. अण्णांनी त्या तुकड्यावरून मान काढली नाही. घिरटीच्या प्रत्येक फेरीत ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत राहिली, इतकेच. चौथ्या फेरीला ते म्हणाले, "त्या रिकाम्या जागेच्या वरची ओळ पाह्यली का तू? वरून चौथी. आख्खी पिवळी पडली आहे. बाजूच्या दोन्ही हिरव्या आहेत."

मी त्या ओळीतून महिन्यात चारदा चालत गेलो असेन. खालून एकेक झाड दिसते. एखादे फिके आहे एवढेच कळते. वरून ओळीची ओळ दिसते.

"एकाच नळीवरची ओळ आहे ती," अण्णा म्हणाले. "ठिबकची नळी चोंदली असंन. पाहून ये."

विमान उतरवले. सालदार आणि मी गेलो. नळीच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर बसला होता. पुढच्या झाडांना पाणी थेंबथेंबसुद्धा जात नव्हते. ती सोळा झाडे अजून वाचण्यासारखी होती.

परत आलो तेव्हा अण्णा चष्मा मांडीवर ठेवून बसले होते. डोळ्यांभोवती रबराचा वळ उमटला होता. मी माफीचे काही शब्द जुळवत होतो. त्यांनी ते जुळू दिले नाहीत. म्हणाले, "टपालात आम्हांले एक शिकवलं होतं. पत्र वाईट बातमीचं असलं तरी ज्याचं त्याले द्यावं लागते. थैलीत ठेवून घ्यायचं नसते." थोड्या वेळाने, "एका दिवसात सांगितलं असतं तर एका दिवसात ऐकलं असतं."

यावर मी काय बोलणार? मोटारीत सामान भरले.

या लेखाच्या निमित्ताने काही परिचितांनी मला विचारले की, घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी असे काही करावे काय. माझे अनुभवाचे बोल असे: बसवून पाहायला द्यावे, उभ्याने नव्हे, पहिल्या दिवशी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, भरल्या पोटी तर मुळीच नको. विमान हाकणाऱ्याने स्वतः चष्मा लावू नये, नजर विमानावर ठेवावी. लिथियमच्या बॅटऱ्या एकट्या सोडून चार्ज करू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मानकरी बसवण्यापूर्वी आपण काय लपवले आहे त्याची एकदा यादी करावी! कॅमेरा दुसऱ्याच्या मानेवर दिला की, काय दाखवायचे हे ठरवणे आपल्या हातात राहत नाही. ती त्या यंत्राची उणीव नव्हे. तेच त्याचे काम आहे.

अण्णा आता महिन्यातून एकदा फेरी मारतात. त्यांची एक तक्रार अजून शिल्लक आहे. कॅमेरा नव्वद अंशांवर अडतो, त्यांना मागचे पाहायचे असते. "रात्रीच्या टपालाचं विमान गेलं की मागून त्याचा दिवा दिसे. तसं मागं वळून पाहता आलं पाहिजे," असे ते म्हणतात. लेक दातेरी चाके लावून सर्व्होचा फिरता टप्पा वाढवण्याच्या खटपटीत आहे. तोवर मीच विमान वळवून देतो.

पिवळी पडलेली ओळ सावरली. सोळांपैकी चौदा झाडांना नवी पालवी आहे. जुलैत पाऊस लागल्यावर विहिरीकडच्या तुकड्यात सदतीस कलमे लावली. कलमे कोठली आणायची ते अण्णांनी सांगितले, खड्डे किती अंतरावर घ्यायचे तेही सांगितले. लावणीच्या दिवशी ते सागवानी खुर्चीत, चष्मा लावून, वरून मोजत होते. छत्तिसावे कलम ओळीच्या बाहेर गेले होते. ते आम्हांला उपटून पुन्हा लावावे लागले.